वाकडी भिंत, सरळ गिलावा

आम्ही लालबागहून बोलतोय, आमच्या बचत गटाच्या वतीने. मागच्या वेळी हिशेबाच्या वहीबद्दल बोललो होतो. आज बोलणार आहोत भिंतीबद्दल. बायकांच्या कार्यक्रमात गिलावा कशाला, असं कुणी म्हणेल. पण बांधकामावर डोक्यावरून घमेलं वाहणारी बाईच असते. थापी मात्र तिच्या हातात क्वचित येते, आणि रोजाच्या पैशातला फरक त्या थापीपाशीच पडतो.

आमचा गट मसाला करतो. जागा म्हणजे एका जुन्या चाळीतली तळमजल्याची खोली. परळ-लालबागकडे रस्त्यावर वर्षानुवर्षे थरावर थर चढले आणि जुन्या चाळींचे तळमजले खाली राहिले. आमच्या खोलीत दोन पायऱ्या उतरून जावं लागतं, म्हणजे जवळजवळ तळघरच. मागची भिंत विटांची, चुन्यात बांधलेली, मध्ये पोट आलेली आणि खाली खड्डे पडलेली.

दोन वर्षांपूर्वी एका कंत्राटदाराकडून तिला गिलावा करून घेतला. त्याने जुन्या रंगावरच दीड इंच सिमेंट एका दिवसात चढवलं. भिंत आरशासारखी दिसली. पावसाळ्यात रात्रीत तो पत्रा सुटला आणि मसाल्याच्या डब्यांवर पडला. माल गेला, गटाच्या कर्जाचा हप्ता अडला. तेव्हा ठरवलं, यावेळी आपण शिकून करायचं. ओळखीच्या एका म्हाताऱ्या गवंडीकाकांनी शिकवलं. तेच तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट, गिलावा ओल थांबवत नाही, फक्त झाकतो. म्हणून आधी पाणी कुठून येतं ते शोधा. भिंतीवर हातभर प्लास्टिकचा कागद चारही बाजूंनी चिकटवा आणि दोन दिवसांनी बघा. थेंब कागदाच्या बाहेरून आले तर ती खोलीतल्या हवेतली ओल, खिडकी उघडी ठेवा. थेंब आतून आले तर ओल भिंतीतली. आमच्याकडे मागचा पन्हाळ फुटला होता आणि भिंतीला मातीचा ढीग टेकला होता. दोन्ही नीट केलं आणि भिंत तीन महिने वाळू दिली. भिंतीला मोठी तडा असेल, ती वाढत असेल, तर गिलावा करूच नका. मुंबईतल्या जुन्या उपकरप्राप्त इमारतींसाठी म्हाडाचं दुरुस्ती व पुनर्रचना मंडळ आहे, तिथे लेखी कळवा. गावात असाल तर ग्रामपंचायतीत सांगून जाणकार माणसाला दाखवा.

दुसरी गोष्ट, भिंत कशाची आहे ते ओळखा. चुन्यातल्या जुन्या भिंतीवर नुसतं सिमेंट कडक बसतं, आतली ओल अडकते आणि लोणा फुगून गिलावा ढकलतो. आम्ही एक माप सिमेंट, एक माप चुना आणि सहा मापं चाळलेली वाळू घेतली. पक्क्या विटांच्या किंवा सिमेंटच्या ठोकळ्यांच्या नव्या भिंतीला एकास पाच सिमेंट-वाळू चालते. मातीच्या भिंतीला सिमेंट लावू नका. तिथे भुसा घातलेला चिखलाचा गिलावाच धरतो.

दहा फूट लांब, आठ फूट उंच भिंतीला आम्हाला पाऊण गोणीहून थोडं कमी सिमेंट, तेवढ्याच मापाचा चुना आणि पाच घनफूट वाळू लागली. चुन्याची पूड आदल्या रात्री भिजत घातली. हातमोजे आणि चष्मा घालाच, चुना डोळ्यात गेला तर डोळा जातो. भिंतीतली वायर असेल तर मीटरपासून वीज बंद.

आता काम. सुटा गिलावा खरवडून काढा. लोणा कोरड्या ब्रशने झाडा. पाण्याने धुतला तर तो पुन्हा भिंतीत जातो. विटांचे सांधे बोटाच्या पेराएवढे उकरा, म्हणजे गिलाव्याला पकड मिळते. भिंतीला पाणी शिंपडा, ती ओलसर हवी, टपकती नको.

मग दोन टोकांना खिळे ठोकून दोरी ताणा. खड्डा किती खोल ते लगेच दिसतं. आमचा सर्वांत खोल खड्डा दोन इंचांचा निघाला. तो एकदम भरू नका. विटांचे तुकडे माल लावून दाबून बसवा, मग अर्ध्या इंचाचा थर द्या. थर ओला असतानाच खिळे ठोकलेल्या पट्टीने ओरखडे काढा, आणि तो घट्ट झाल्यावरच पुढचा. चुना असल्याने आम्ही प्रत्येक थरामध्ये काही दिवस थांबलो.

शेवटच्या थराआधी ओळंबा लावून भिंतीवर मालाचे ठिपके द्या, चार-पाच फुटांवर. वरचा आणि खालचा ठिपका जोडून उभी पट्टी करा. दोन पट्ट्यांमधली जागा मालाने भरा आणि सरळ फळी खालून वर, डावी-उजवीकडे हलवत ओढा. उरलेले खळगे तेव्हाच दिसतात. मग लाकडी रंध्याने गोल घासा. भिजवलेला माल तासाभरात संपवा, पाणी घालून पुन्हा मऊ करू नका. आणि गिलावा जमिनीला टेकवू नका, अर्धा इंच फट ठेवा, नाहीतर फरशीवरचं पाणी तो वर ओढतो.

सात दिवस सकाळ-संध्याकाळ पाणी मारा. कडक ऊन असेल तर ओलं गोणपाट लटकवा. महिनाभर रंग नको. नंतर चुन्याची सफेदी द्या, तेलरंग नको.

आमची भिंत अगदी सरळ झालेली नाही, एका कोपऱ्यात हात फिरवला तर उंचवटा लागतो. पण एक पावसाळा गेला, डबे कोरडे राहिले. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपानंतर लातूर-उस्मानाबादच्या बायका संवाद सहायक होऊन घरं दुरुस्त करण्याची माहिती घरोघरी सांगत होत्या. म्हणजे हे काम आपल्याला परकं नाही.

पुढच्या बैठकीत एक करा. गटातल्या एकीच्या घरची एक भिंत निवडा, दोरी ताणा आणि खड्डे मोजा. थापी मग आळीपाळीने सगळ्यांच्या हातात द्या.