नेच्याला हवी सावली

गेल्या पावसाळ्यात दिवेआगरच्या एका वाडीत सुपारीची रोपे पाहत होतो. घरच्या वहिनींनी हाक मारली. पडवीतल्या कुंडीतील नेच्याचे पान उलटून त्या म्हणाल्या, "साहेब, याला तांबेरा लागलाय. सुपारीला फवारतो ते बोर्डो मिश्रण मारू का?"

पानामागे तपकिरी ठिपक्यांच्या सरळ ओळी होत्या. मी म्हटले, "वहिनी, हा रोग नव्हे. हे याचे बीजाणू. झाड वयात आले आहे."

नेच्याला फूल नाही, फळ नाही. पानामागच्या बीजाणूंवरच त्याचा वंश चालतो. ठिपके ओळीने, सारख्या अंतरावर असतील तर काही करू नये. वाटेल तसे चिकटलेले आणि नखाने खरवडून निघणारे असतील, तर ती खवलेकीड समजावी. फार किडलेले पान कापून टाकावे, बाकीची ओल्या फडक्याने पुसावीत.

आपल्या कोकणाला नेचा नवा नाही. विहिरीच्या चिऱ्यांच्या सांध्यांत नाजूक काळ्या देठांचा हंसराज उगवतो, जुन्या झाडांच्या खोडांवर बाशिंग वाढते. पण ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यावर आदळले. नारळी-पोफळी आडव्या झाल्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांची सावली एका दुपारी गेली. नेच्याला थेट ऊन सोसत नाही, कोवळ्या सुपारीलाही सोसत नाही.

म्हणून कुंडी पडवीत, उजेड येईल पण ऊन पडणार नाही अशा जागी ठेवावी. तळाशी भोक हवेच. त्यावर फुटक्या कौलांचे तुकडे घालावेत. वर एक भाग माती, एक भाग कुजलेला पालापाचोळा आणि एक भाग सोडणाचा भुसा भरावा. भुसा आधी चार-पाच दिवस पाणी बदलत भिजवून धुवावा, म्हणजे त्यातील क्षार व तुरटपणा निघून जातो.

माती ओलसर असावी, चिखल नको. उन्हाळ्यात किनाऱ्याजवळच्या काही विहिरींचे पाणी मचूळ होते. ते घातल्यास पानांची टोके करपतात. अशा वेळी गोडे पाणी वापरावे. साबणाचे पाणीही घालू नये. युरिया नको, वर्षातून दोनदा मूठभर कुजलेले शेणखत पुरे.

नवे रोप हवे असल्यास जूनमध्ये दाट वाढलेला गड्डा मुळांसकट विभागून लावावा. शेजारणीकडून एक फुटवा मागून आणावा, पण रानातून उपटून आणू नये. आपल्या जिल्ह्यातील फणसाड अभयारण्यातून तर परवानगीविना झाड काढणे हा गुन्हाच आहे.

शेवटी वाडीच्या कामाचे सांगतो. नव्या सुपारीच्या रोपांजवळ नेच्याची एक कुंडी ठेवून पाहा. नियमित पाणी घालूनही त्याची पाने करपू लागली, तर तिथे ऊन जास्त आहे असे समजा. लगेच रोपांवर झावळ्यांची सावली करा आणि ओळींच्या मधे केळ लावा. त्या वहिनींनी पडवीतली एक कुंडी त्याच दिवशी रोपांत नेऊन ठेवली. वाडी पुन्हा उभी राहायला वर्षे लागतील. तोवर सावली आपल्यालाच धरावी लागेल.