काखेत कळसा

वॉटफर्ड जंक्शनहून यूस्टनला जलद गाडीने वीसेक मिनिटे लागतात. तिथून पायी पाव तासावर लंडन विद्यापीठाची ‘सोआस’ ही संस्था. आपल्यापैकी कितीतरी जण रोज त्या बाजूला नोकरीला जातात. पण तिथल्या मार्सडेन संग्रहात ‘ख्रिस्तपुराणा’चे देवनागरी हस्तलिखित आहे, हे आपल्या मंडळींत फार थोड्यांना ठाऊक असेल. बायबलची अख्खी कथा, आणि तीही आपल्या ओवीत! काखेत कळसा म्हणतात तो हाच.

आमचा पेशा इंजिनिअरिंगचा. मास्टर्स करायला म्हणून या देशात आलो आणि इथलेच झालो. ख्रिस्ती धर्मशास्त्राशी आमचा संबंध म्हणाल तर डिसेंबरातल्या शाळेच्या नाटकापुरता. तुमच्या घरीही हेच होत असणार. चिरंजीव डोक्याला टॉवेल गुंडाळून मेंढपाळ होतात, कन्यारत्न पुठ्ठ्याचे पंख लावून देवदूत. मग जेवताना प्रश्न येतो, “बाबा, ही गोष्ट मराठीत आहे का?” आहे, आणि चारशे वर्षांपासून आहे. गंमत म्हणजे ती मराठीत लिहिली एका इंग्रजाने.

फादर थॉमस स्टीफन्स मूळचे विल्टशरचे. जेझुइट पंथाचे हे धर्मगुरू १५७९ साली लिस्बनहून जहाजाने गोव्याला पोचले आणि १६१९ मध्ये तिथेच वारले. चाळीस वर्षे परमुलखात! आपण तिकडून इकडे आलो, ते इकडून तिकडे गेले. फरक एवढाच की त्यांनी तिथली भाषा नुसती कामापुरती शिकली नाही. १५८३ साली भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी म्हटले आहे की इथल्या भाषांची घडण ग्रीक-लॅटिनशी जुळते. सर विल्यम जोन्स यांचे याच विषयावरचे प्रसिद्ध भाषण झाले १७८६ साली, म्हणजे दोनशे वर्षांनंतर.

ख्रिस्तपुराण १६१६ साली गोव्यातल्या राचोल येथे छापले गेले, रोमन लिपीत. जवळजवळ ११,००० ओव्या. पहिल्या पुराणात जुना करार, दुसऱ्यात येशूचे चरित्र. स्वर्गाला शब्द हवा तर ‘वैकुंठ’! सुरुवातीला मराठी भाषेची थोरवीही गायली आहे, पक्ष्यांत मोर आणि फुलांत मोगरा तशी भाषांत मराठी. १६४९ आणि १६५४ सालीही ते छापले गेले, पण या तिन्ही छापील आवृत्त्यांची एकही प्रत आज उपलब्ध नाही. ग्रंथ टिकला तो लोकांनी हाताने उतरवलेल्या प्रतींमुळे. १९०७ साली जोसेफ साल्ढाणा यांनी मंगळूरला तो पुन्हा रोमन लिपीत छापला. १९२० च्या दशकात जस्टिन अॅबट या अमेरिकन अभ्यासकाने लंडनमधल्या देवनागरी प्रतीकडे विद्वानांचे लक्ष वेधले. मूळ प्रत हीच की हे नंतरचे रूप, यावर मतभेद आहेत.

इथे कुणी विचारील, “अहो, हे धर्मांतरासाठीच लिहिलेले ना?” प्रश्न रास्त आहे आणि तो झाकू नये. साष्टी तालुक्यात तेव्हा देवळे पाडली गेली होती, जुन्या पोथ्यांवर बंदी होती. ग्रंथातच एक ब्राह्मण पाद्रीगुरूंना म्हणतो की आमची जुनी पुराणे बंद केलीत, तर त्या जागी दुसरे काही का देत नाही? म्हणजे या सुंदर ओव्यांच्या मागे एक हिसकावलेली पोथीही आहे. नवे अभ्यासक नेमके हेच दोन्ही हातांनी धरून पाहतात. सलेशियन पंथाचे फादर नेल्सन फाल्काव यांनी २००३ च्या इंग्रजी ग्रंथात ख्रिस्ती आणि हिंदू विचारांची भेट या अंगाने पुराण तपासले. २००९ मध्ये त्यांनी ते आजच्या मराठी गद्यात आणले आणि २०१२ मध्ये इंग्रजीत. इतिहासकार अनन्या चक्रवर्ती यांच्या २०१८ च्या ग्रंथात स्टीफन्स पोर्तुगीज साम्राज्याच्या चौकटीत दिसतात, ब्राझीलमधल्या जेझुइटांच्या शेजारी. पहिल्या ग्रंथात संवाद ठळक आहे, दुसऱ्यात सत्ता. दोन्ही वाचावेत, मग आपले मत आपण ठरवावे.

ही परंपरा गोव्यातच थांबली असेही नाही. पंडिता रमाबाईंनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल मराठीत आणले. ते त्यांच्या निधनानंतर १९२४ साली प्रसिद्ध झाले. वसईचे फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ला २०१३ चा साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कार मिळाला. २०२० साली उस्मानाबादच्या (आताचे धाराशिव) साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. २०२४ मध्ये ते गेले. मराठी ही एकाच धर्माची मिरास नाही, हे त्यांच्याकडे पाहून पटावे.

आम्हाला मात्र या सगळ्यात बोचते ते वेगळेच. धर्मशास्त्राचे आणि इतिहासाचे अभ्यासक जुनी मराठी मुद्दाम बसून शिकतात, कारण तिच्याशिवाय हे पुराण उघडत नाही. आणि ज्यांच्या घरात ती आयती आहे, ती आपली मुले आजीचे पत्रही आपल्याकडून वाचून घेतात. बोलतात झकास, पण लिपीपाशी गाडी अडते. उद्या यांच्यातला एखादा विद्यापीठात इतिहास शिकायला गेला, तर त्या हस्तलिखितापुढे तोही अनुवादकाची वाट पाहणार का?

उपाय फार मोठा नाही. शांताराम बंडेलू यांची १९५६ ची आणि कारिदाद द्रागो यांची १९९६ ची देवनागरी आवृत्ती आहे. कुणी पुण्या-मुंबईला जाणार असेल, तर जुन्या पुस्तकांच्या दुकानांत चौकशी करावी आणि एक प्रत मंडळाच्या कपाटात आणून ठेवावी. यंदा शाळेतले नाटक झाले की रविवारच्या मराठी वर्गात बेथलेहेमच्या प्रसंगातल्या पाच ओव्या मुलांकडूनच फळ्यावर लिहून घ्याव्यात, शेजारी फाल्काव यांचे गद्य ठेवावे. मेंढपाळांचे संवाद त्यांना पाठ असतातच, अक्षरे जुळवायला वेळ लागणार नाही.