फी कंपनीची, वर्षं आपली

बी.फार्म. झालं, नोकरी लागली, आता एमबीए करायचंय आणि फी चक्क कंपनी भरतेय. भारीच की! फक्त त्या ऑफरला टाचणी लावून जी चार पानं येतात, ती कुणी वाचतं का?

माझी ताई वाळूजच्या एमआयडीसीत एका औषध कंपनीत क्यूएमध्ये आहे. क्यूए म्हणजे क्वालिटी अ‍ॅश्युरन्स. गोळी मशीनमधून बाहेर पडायच्या आधी, पडताना आणि पडल्यावर, प्रत्येक टप्प्याला कुणीतरी तपासून सही करायची असते. ती सही करणाऱ्यांपैकी ती एक. चार वर्षं झाली, बॅचच्या कागदांवर सह्या करतेय. 'वाचल्याशिवाय सही नाही' हे तिला पहिल्या आठवड्यातच शिकवलेलं. आणि गेल्या वर्षी मे महिन्यात हीच बाई स्वतःच्या पाच वर्षांच्या कागदावर न वाचता सही करायला निघाली होती.

झालं असं, की एचआरचा मेल आला. दोन वर्षं नोकरी पूर्ण झालेल्यांनी एमबीएला प्रवेश घेतला तर फीच्या ७५ टक्के रक्कम कंपनी देणार. ताईने बघून ठेवलेल्या ऑनलाइन एमबीएची फी होती २ लाख ४० हजार. म्हणजे १ लाख ८० हजार कंपनीचे! तिने मेलचा स्क्रीनशॉट घरच्या ग्रुपवर टाकला. बाबांचे तीन अंगठे आले, मावशीचा गणपती आला. आईने मात्र फोन करून विचारलं, "आणि त्याबदल्यात काय?"

आई किराणा दुकान चालवते. 'एकावर एक फ्री'मधला दुसरा साबण कुणाच्या खिशातून येतो, हे तिला बरोब्बर माहीत असतं.

एम.फार्म. का नाही?

फार्मसीला असणाऱ्यांना हा प्रश्न पडणार नाही, पण बाकीच्यांसाठी सांगते. फार्मसीची डिग्री घरबसल्या करता येत नाही. यूजीसीच्या नियमांनुसार जे विषय ऑनलाइन किंवा दूरशिक्षणाने शिकवायला मनाई आहे, त्यात फार्मसी आहे. त्यामुळे एम.फार्म. करायचं तर नोकरी सोडून दोन वर्षं कॉलेजला बसावं लागतं. जीपॅट पास असाल तर महिन्याला १२,४०० रुपये स्कॉलरशिप मिळते, पण घरी हप्ते चालू असतील तर तेवढ्यावर भागत नाही.

एमबीए मात्र ऑनलाइन चालतं, आणि मान्यताप्राप्त विद्यापीठाची ऑनलाइन डिग्री नेहमीच्या डिग्रीच्या बरोबरीची धरायची, हे यूजीसीने २०२२ मध्ये स्पष्ट केलंय. (इथे एक गोम आहे. जाहिरातीत 'एक्झिक्युटिव्ह प्रोग्राम' असं मोठ्या अक्षरात असतं आणि शेवटी हातात पडतं सर्टिफिकेट. ती डिग्री नव्हे. ताईच्या कंपनीची पॉलिसी अशा कोर्सला एक रुपया देत नाही, आणि ते बरोबरच आहे.)

दुसरं कारण जास्त खरं आहे. प्लांटमध्ये ऑफिसरचा एक्झिक्युटिव्ह होतो, एक्झिक्युटिव्हचा सीनियर एक्झिक्युटिव्ह होतो आणि मग वरची खुर्ची रिकामी व्हायची वाट बघत वर्षं जातात. औषधाचा ब्रँड सांभाळणारी, कुठल्या डॉक्टरपर्यंत काय पोहोचवायचं हे ठरवणारी पीएमटीची टीम असते मुंबईच्या हेड ऑफिसात. तिथे जायचं तर औषधाची माहिती आणि धंद्याची अक्कल, दोन्ही लागतं. ताईला तिथे जायचंय. रात्री अडीच वाजता डोक्याला टोपी, तोंडाला मास्क लावून लाइन क्लिअरन्स देताना ती हेच स्वप्न बघते, असं तिचं म्हणणं.

३६ महिने, एक भागाकार

आईच्या प्रश्नामुळे ताईने पानं वाचायला घेतली. मी सुट्टीत तिच्याकडेच होते, म्हणून तिच्या रूमवर आम्ही दोघी वाचत बसलो. दुसऱ्या पानावर बॉन्ड सापडला. एमबीएचा शेवटचा निकाल लागल्यापासून तीन वर्षं कंपनी सोडायची नाही. शिकायची दोन आणि नंतरची तीन, झाली पाच. ताई सव्वीसची आहे. "म्हणजे मी एकतीसची होईपर्यंत वाळूज," ती म्हणाली आणि गप्प झाली.

मग मी मोबाइलवर साधा भागाकार केला. १ लाख ८० हजार भागिले ३६. आले ५,०००. म्हणजे बॉन्डच्या काळात कंपनी ताईला 'थांब' म्हणायचे महिन्याला पाच हजार देणार. उद्या दुसऱ्या कंपनीने बारा हजार जास्त देऊन बोलावलं, तर ही 'फुकट' फी तिला दर महिन्याला सात हजारांना पडणार. लगेच ऑफर वाईट ठरत नाही. पाच हजार कमी नाहीत, आणि आत्ता हातात नसलेले पैसे कुणीतरी देतंय यालाही किंमत आहे. पण हा भागाकार मेलमध्ये नव्हता. तो आपला आपण करायचा असतो.

तिसऱ्या पानावर आणखी दोन गोष्टी निघाल्या. एक, पैसे आधी मिळत नाहीत. सेमिस्टरचे ६० हजार आपण भरायचे, ६० टक्के मार्क पडले की त्यातले ४५ हजार पगारातून परत. साठला एक टक्का कमी पडला तर शून्य. नाइट शिफ्ट करून परीक्षा देणाऱ्या माणसाला ही अट काय वाटते, ते एकदा अट लिहिणाऱ्याने नाइट करून बघावं!

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी होती. तीन वर्षांच्या आत सोडलं तर 'संपूर्ण रक्कम' एकरकमी परत. एक महिना थांबलात काय, पस्तीस महिने थांबलात काय, सारखंच.

ताईच्या ओळखीच्या एकाचं असंच झालेलं. त्याच पट्ट्यातली दुसरी कंपनी. २८ महिने भरले होते, आठ राहिले होते. वडील आजारी पडले म्हणून त्याला लातूरला परतावं लागलं. कंपनीने सगळी फी हिशेबातून कापून घेतली, ती पुरली नाही म्हणून उरलेली भरेपर्यंत रिलीव्हिंग लेटर अडकवून ठेवलं. आणि रिलीव्हिंग लेटर नसेल तर फार्मा कंपन्यांत पुढची नोकरी मिळवताना काय होतं, ते विचारू नका. "मी वाचलंच नव्हतं," तो ताईला म्हणाला. "एचआरवाले म्हणाले, फॉर्मॅलिटी आहे."

कोर्ट काय म्हणतं?

मी मास कॉमची. आम्हाला कायद्याचा एकच पेपर, तोही प्रेस लॉचा. म्हणून एलएलबीच्या एका मित्राला चहा पाजला आणि विचारलं, हे बॉन्ड खरे असतात की नुसती भीती?

त्याने सांगितलेली गोष्ट आपल्या कल्याणची निघाली. तिथल्या सेंच्युरी रेयॉनच्या कारखान्यात टायर कॉर्डच्या विभागात एक शिफ्ट सुपरवायझर होता. कंपनीने त्याला ट्रेनिंग दिलं, पाच वर्षांचा करार केला. तो मधेच सोडून राजस्थानात कोट्याला दुसऱ्या रेयॉन कंपनीत गेला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत पोहोचलं आणि १९६७ मध्ये कोर्टाने कंपनीच्या बाजूने निकाल दिला. कराराच्या मुदतीपुरतं, वाजवी असं बंधन घालणं म्हणजे माणसाचा धंदा बंद पाडणं नव्हे, असं त्याचं सार. १८७२ च्या करार कायद्याचं कलम २७ माणसाला त्याचा व्यवसाय करण्यापासून रोखणारे करार रद्दबातल ठरवतं खरं, पण 'बॉन्डला कायद्यात काही अर्थ नसतो' हे हॉस्टेलवरचं ठाम मत त्यातून निघत नाही.

आणि हे जुनं झालं म्हणावं, तर नेमक्या त्याच मे २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने विजया बँकेच्या प्रकरणात किमान तीन वर्षं नोकरी नाहीतर २ लाख रुपये, ही अट वैध ठरवली. तो बॉन्ड शिक्षणाचा नव्हता, नेमणुकीचा होता. पण तीन वर्षं आणि लाखांतली रक्कम हे वाचून ताईने माझ्याकडे असं पाहिलं, जणू निकाल मीच दिलाय.

मित्राने एक दिलासा मात्र दिला. त्याच कायद्याचं कलम ७४. करारात रक्कम कितीही लिहिलेली असो, करार मोडल्याबद्दल मिळते ती वाजवी भरपाई. लिहिलेला आकडा ही वरची मर्यादा, हमखास मिळणारी रक्कम नव्हे. म्हणजे १ लाख ८० हजार खर्च करून कुणी दहा लाखांचा बॉन्ड लिहून घेतला, तर कोर्टात ते दहा लाख आपोआप पदरात पडत नाहीत. "पण कोर्टात जायला वेळ, पैसा आणि वकील लागतो," तो म्हणाला, "त्यामुळे भांडायचं ते सहीच्या आधी. ते फुकट असतं."

तिकडे अमेरिकेत

ताईची एक बॅचमेट एमएस करायला अमेरिकेत गेली आणि आता तिथल्या औषध कंपनीत आहे. (फार्मासिस्ट म्हणून नाही. २००३ पासून पुढे पास झालेल्या परदेशी पदवीधरांना तिथल्या फार्मासिस्टच्या पात्रतेसाठी किमान पाच वर्षांचा कोर्स लागतो आणि आपली बी.फार्म. चार वर्षांची. आपल्याकडची सहा वर्षांची फार्म.डी. मात्र त्या अटीत बसते.) तिच्याकडून कळलं, की तिथे कंपनीने फी भरणं हा चांगला रुळलेला प्रकार आहे. त्यामागे करकायदा आहे. कलम १२७ खाली कंपनीने कर्मचाऱ्याच्या शिक्षणावर वर्षाला ५,२५० डॉलरपर्यंत खर्च केला, तर त्यावर कर्मचाऱ्याला कर लागत नाही. हा आकडा १९८६ पासून तसाच राहिला. फिया मात्र राहिल्या नाहीत. मधल्या काळात पदव्युत्तर कोर्स या सवलतीतून वगळले होते, ते २००२ पासून परत आले, म्हणून एमबीए त्यात बसतं. मार्कांची अट, 'इतकी वर्षं थांबा' ही अट तिथल्या कंपन्याही घालतात. म्हणजे आई जगात कुठेही बरोबरच.

आता आपल्याकडचं दुसरं टोक. माझा शाळेतला मित्र डी.फार्म. करून एका मेडिकलमध्ये काउंटरला आहे. त्याला विचारलं, तुझे मालक फी भरतील का रे? तो इतका हसला, की दुकानात आलेली काकू दचकली. "अगं, शेठला वाटतं सर्टिफिकेट भिंतीवर लागलं की आपलं काम झालं. काही ठिकाणी तर नुसतं सर्टिफिकेटच भाड्याने असतं, माणूस येतच नाही." तो आता बँकेचं कर्ज काढून पुढे शिकायचं बघतोय. तोही रस्ता आहे. जुन्या कररचनेत राहिलात तर शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षांपर्यंत वजावट मिळते. बँकेचा हप्ता दर महिन्याला येतो, पण तुम्ही कुठे नोकरी करता हे बँक विचारत नाही. ताईला हे पटलेलं, फक्त हप्त्याचा आकडा पटला नाही.

"पॉलिसी आहे, मॅडम"

शेवटी ताई एचआरकडे गेली. चार मुद्दे कागदावर लिहून. आधी सोडलं तर जेवढे महिने राहिले तेवढीच रक्कम कापावी. कंपनीनेच काढलं किंवा प्लांट बंद झाला तर काही वसूल करू नये. बॉन्ड शेवटच्या निकालापासून नव्हे, तर प्रत्येक हप्ता मिळाल्यापासून मोजावा. आणि एमबीए झाल्यावर मुंबईच्या टीममध्ये अर्ज करायची परवानगी असावी.

पहिलं उत्तर आलं, "पॉलिसी आहे मॅडम, ती सगळ्यांना सारखी." ती म्हणाली, "सर, बीएमआरमध्ये चूक सापडली तर आपण डेव्हिएशन टाकतो ना? हे डेव्हिएशन समजा." ते हसले. (ते स्वतःही एमबीए, म्हणे स्वखर्चाने.) दुसऱ्या मुद्द्याला "त्यात काय, तसंच असतं" असं उत्तर आलं. ताई म्हणाली, "तसंच असतं तर लिहून द्या."

तीन आठवड्यांनी पुरवणी पत्र आलं. पहिले दोन मुद्दे मान्य, तेही लेटरहेडवर. तिसरा साफ नाकारला. चौथ्यावर 'जागा असल्यास विचार होईल' एवढंच, म्हणजे काहीच नाही. मला वाटलं, ती सही करणार नाही. मुंबईचा रस्ता मिळणार नसेल तर मार्केटिंग शिकून क्यूएच्याच टेबलावर तीन वर्षं बसायचं? मी असते तर नसती केली, आणि तसं तिला सांगितलंही. ती म्हणाली, "तुला बावीसाव्या वर्षी सगळं सोडता येतं गं. मला डिग्री हवीय आणि माझ्याकडे अडीच लाख नाहीत. आता निदान मला माहितीय मी काय विकतेय." त्यावरून आमचं थोडं वाजलं. अजूनही पूर्ण मिटलेलं नाही.

तिने जुलैमध्ये प्रवेश घेतला. पहिले ६० हजार स्वतःची आरडी मोडून भरले. पहिल्या सेमिस्टरचे दोन पेपर नाइटवरून थेट येऊन दिले, आंघोळही न करता. निकाल लागला, ६४ टक्के. त्यानंतरच्या पगारात ४५ हजार आले, तेव्हा तिने पुन्हा स्क्रीनशॉट टाकला आणि मावशीचा तोच गणपती पुन्हा आला.

मागच्या महिन्यात घरी गेले तेव्हा दुकानात आईची उधारीची वही चाळत होते. कोपऱ्यावरच्या काकांची डाळ, शाळेतल्या शिपायाचं तेल, आणि मधेच एका वेगळ्या पानावर आईच्या अक्षरात: थोरली, कंपनीकडे, जून २०३० पर्यंत. खाली पेन्सिलीने, महिना ५,०००.