सुषिर वाद्यांचा बालपरिचय
फुंकून वाजवावयाच्या वाद्यांची, विशेषतः बासरी, सनई व क्लॅरिनेट यांसारख्या काष्ठसुषिर वाद्यांची, मुलांना क्रमाने ओळख करून देण्याची शिक्षणपद्धती. भरताच्या नाट्यशास्त्रात वाद्यांचे तत, अवनद्ध, घन व सुषिर असे चार वर्ग सांगितले आहेत. त्यांपैकी सुषिर म्हणजे पोकळ वाद्यांत हवेच्या स्तंभाच्या कंपनाने स्वर निर्माण होतो. पाश्चात्त्य संगीतात या वाद्यांचे काष्ठवाद्ये व पितळी वाद्ये असे दोन गट केले जातात. मात्र हा भेद द्रव्यावर नसून ध्वनी उत्पन्न करण्याच्या रीतीवर आधारलेला आहे. म्हणूनच धातूची पाश्चात्त्य बासरी व सॅक्सोफोन ही वाद्येही काष्ठवाद्यांतच मोडतात.

कोणते वाद्य कोणत्या वयात व कोणत्या क्रमाने हाती द्यावे, हा बालपरिचयातील मुख्य प्रश्न होय. या वाद्यांत श्वास, ओठ, दात व बोटे ही वाद्याचाच भाग बनतात. वाढत्या शरीराला न पेलणारे वाद्य लवकर दिल्यास फुंकीची व पकडीची चुकीची सवय जडते आणि स्वर लागत नाही म्हणून मूल कंटाळून वाद्य सोडून देते.

तत्त्वाची ओळख : काष्ठसुषिर वाद्यांत स्वर तीन रीतींनी निघतो. बासरी व पावा यांत हवेचा झोत एका धारेवर आपटतो. सनईत दुहेरी पत्तीच्या दोन पाती एकमेकींवर कंप पावतात. क्लॅरिनेटमध्ये एकेरी पत्ती, म्हणजे रीड, मुखखंडावर कंप पावते. या तिन्ही रीती मुलांना प्रत्यक्ष वाद्य हाती येण्यापूर्वीही समजू शकतात. रायगड जिल्ह्याच्या मुरूड तालुक्यातील काशीदसारख्या किनारी गावांत माडाची पाने हाताशी असतात. माडाच्या पातीतील हीर काढून ती पाती तिरपी गुंडाळीत नेली आणि निमुळते टोक किंचित दाबले, की पिपाणी तयार होते. तिचे दाबलेले टोक म्हणजे दुहेरी पत्ती आणि रुंदावत जाणारे अंग म्हणजे शंक्वाकृती नळी. तत्त्वतः ती लहानशी सनईच होय. एकेरी पत्तीचे तत्त्वही महाराष्ट्रात परके नाही. गारुड्याची पुंगी आणि पालघर जिल्ह्यातील वारली समाजाचा तारपा या दोहोंत भोपळ्याच्या पोकळीत एकेरी पत्तीच्या नळ्या बसविलेल्या असतात. या दृष्टीने ही वाद्ये क्लॅरिनेटची सगोत्र ठरतात.

दुसरा प्रयोग बांबूच्या नळीचा. दोन्ही टोके उघडी असलेल्या नळीच्या कडेवर फुंकून स्वर काढावा. नंतर खालचे टोक तळहाताने बंद करून पुन्हा फुंकावे. स्वर सुमारे एक सप्तक खाली उतरतो. क्लॅरिनेटची नळी बहुतांशी दंडगोलाकार असून पत्तीकडील टोक ध्वनिदृष्ट्या बंद असल्यासारखे वागते. त्यामुळे सु. ६६ सेंमी. लांबीचे प्रचलित क्लॅरिनेट जवळजवळ तेवढ्याच लांबीच्या पाश्चात्त्य बासरीपेक्षा जवळपास सप्तकभर खालचा स्वर देते. याच कारणाने बासरीत जोराने फुंकले असता वरच्या सप्तकातील तोच स्वर लागतो, तर क्लॅरिनेटवर मंद्र षड्जाची बोटे ठेवून अंगठ्याची चावी दाबल्यास मध्य षड्ज न लागता मध्य पंचम लागतो. बासरीवरून क्लॅरिनेटकडे येणाऱ्या मुलास हा फरक आधी सांगितला नाही, तर त्याचा गोंधळ होतो.

शारीरिक पूर्वतयारी व क्रम : आरंभी पावा किंवा रेकॉर्डर ही उभी वाद्ये सोयीची असतात. त्यांच्या तोंडाशी बसविलेला ठोकळा हवेचा झोत आपोआप धारेवर नेतो. त्यामुळे मुलाचे लक्ष श्वास व बोटे यांकडे राहते. आडव्या बासरीत हा झोत ओठांनीच साधावा लागतो. पुष्कळ हवा वाया जात असल्याने नवशिक्यास घेरी आल्यासारखे वाटते, म्हणून सराव थोडा थोडा व विश्रांती घेऊन करावा. मैफलीतील लांब बासरीची छिद्रे दूरदूर असल्याने प्रथम आखूड, उंच स्वराची बासरी द्यावी.

क्लॅरिनेट वाजविताना वरचे दात मुखखंडावर टेकतात व खालचा ओठ खालच्या दातांवर घेऊन त्यावर पत्ती ठेवली जाते. समोरचे दुधाचे दात पडून कायमचे दात साधारणतः सहा ते नऊ वर्षांच्या दरम्यान येतात. तोपर्यंत थांबणे इष्ट असते. वाद्याचा सारा भार उजव्या अंगठ्यावर येत असल्याने लहान मुलांसाठी गळपट्टा वापरतात अथवा आखूड व हलके क्लॅरिनेट देतात. बोटाच्या पेराने छिद्र पूर्ण झाकले न गेल्यास स्वर चिरकतो. मुलाचा हात तयार आहे की नाही, याची ही सोपी कसोटी होय. सनईला श्वासाचा दाब अधिक लागत असल्याने तिचा क्रम सामान्यतः शेवटी येतो.

वाद्याचा इतिहास : न्यूरेंबर्ग येथील योहान क्रिस्टोफ डेनर याने सु. १७०० मध्ये शालुमो या जुन्या वाद्यावरून क्लॅरिनेट तयार केले. मोट्सार्टने १७९१ मध्ये त्यासाठी रचलेली काँचेर्तो विख्यात आहे. भारतात ते लष्करी बँडबरोबर आले. तंजावरचे मराठा राजे दुसरे सरफोजी (कार. १७९८–१८३२) यांच्या दरबारी पाश्चात्त्य वाद्यांचा बँड होता. पुढे दक्षिणेत नृत्याच्या साथीत व नंतर स्वतंत्र वादनात क्लॅरिनेट रुळले, ए. के. सी. नटराजन यांनी ते कर्नाटक संगीताच्या मैफलीत प्रतिष्ठित केले. महाराष्ट्रात मात्र ते मुख्यतः लग्नाच्या वरातीतील बँडमध्ये ऐकू येते. मुलाने ते अनेकदा ऐकलेले असते, पण त्याचे नाव त्याला ठाऊक नसते. सनईवादन परंपरेने ठरावीक वादक घराण्यांकडे व बँडवादन कानाने शिकणाऱ्या वादकांकडे राहिल्याने या वाद्यांचे शिक्षण शाळेपर्यंत फारसे पोहोचले नाही.

भारतीय संगीतासाठी तयारी : बासरीवर छिद्र अर्धे उघडून कोमल स्वर व मींड काढता येते. क्लॅरिनेटवर चाव्यांमुळे बाराही स्वर मिळतात, परंतु मींड मुख्यतः ओठांच्या दाबाने साधावी लागते. यासाठी स्वर प्रथम गळ्यात बसलेला असावा. अलंकार गाऊन मग वाजविण्याची रीत हितावह ठरते.

निगा : क्लॅरिनेटचे उत्तम नमुने शिसवाच्या जातीतील आफ्रिकी काळ्या लाकडाचे असतात. हवेतील आर्द्रतेच्या जलद बदलाने हे लाकूड तडकते आणि समुद्राच्या खाऱ्या हवेने चाव्यांच्या पोलादी स्प्रिंगा गंजतात. म्हणून किनारपट्टीवरील मुलांसाठी प्लॅस्टिकचे वाद्य अधिक टिकाऊ व स्वस्तही पडते. वादनानंतर नळीतील ओल फडक्याने पुसून पत्ती काढून सुकवावी. पत्ती व मुखखंड प्रत्येक मुलाचे वेगळे असावेत. एकच वाद्य अनेकांनी वापरावयाचे असल्यास मुखखंड दर वेळी धुणे आवश्यक असते.