परसातलं फळ सशाला देताना

परसातला पेरू पिकायला लागला की पहिली फोड सशाला द्यावी, असं घरातल्या प्रत्येकाला वाटतं. ससाही ती मिटक्या मारत खातो. पण त्याला आवडतं ते त्याला मानवतंच, असं नाही. गोडाचा त्याला फार सोस असतो आणि पोटाची घडण मात्र गवतासाठी असते. फळामुळे होणारे बहुतेक त्रास फळ जास्त दिल्याने आणि घाईने दिल्याने होतात.

आधी हे पोट समजून घेऊ. सशाच्या आतड्याला अंधनाल जोडलेली असते, म्हणजे एका टोकाला बंद असलेली मोठी पिशवी. चावलेल्या गवतातले तंतू तिथे जिवाणूंच्या मदतीने आंबतात आणि त्यातून पोषण तयार होतं. यातला काही भाग मऊ, चकचकीत लेंड्यांच्या रूपात बाहेर येतो. तुतीच्या फळासारखा त्यांचा लहानसा घोस असतो. ससा तो गुदद्वाराशी तोंड नेऊन थेट खाऊन टाकतो. हे पाहून नव्या पालकांना किळस येते, पण त्याला अडवू नये. ते त्याचं अन्नच आहे. साखर जास्त झाली की या जिवाणूंचा समतोल बिघडतो आणि पोटात वायू धरतो. सशाला उलटी करता येत नाही, त्यामुळे नको ते पोटात गेलं तर परत बाहेर काढायची सोय नाही.

आता वय पाहावं. सहा महिन्यांखालच्या पिल्लाला फळ देऊच नये. त्याचं पोट अजून बसायचं असतं.

मोठ्या सशाच्या खाण्यात सुकं गवत सर्वांत जास्त हवं, दिवसभर समोर असलेलं. त्याचे दात आयुष्यभर वाढत राहतात आणि गवत चघळूनच ते झिजतात. मऊ फळाने हे काम होत नाही. गवत कमी खाणाऱ्या सशाला आधी गवताकडे वळवावं, फळाचं नंतर पाहावं.

मग झाडाकडे जाऊ. पेरू, पपई, तुती, आंबा ही फळं चालतात, पण प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. पेरूचा बियांचा मधला भाग काढून सालीसकट गर द्यावा. पपई पूर्ण पिकलेली हवी. कच्च्या पपईतला चीक पोटाला बाधतो. आंब्याचा फक्त गर द्यावा. देठाजवळचा चीक, साल आणि कोय बाजूला काढावी. जांभूळ आणि बोर आठळी काढून द्यावं. केळं सशाला सर्वांत आवडतं आणि त्यात साखर, पिष्ट दोन्ही भरपूर, म्हणून ते सर्वांत कमी द्यावं. सफरचंद बाजारातून आणलंत, तर त्याच्या बिया आठवणीने काढाव्यात.

सीताफळ मात्र देऊच नये. ते अतिगोड असतं आणि बहुतेक पाकळ्यांत एकेक बी असते. ती विषारी, म्हणूनच पूर्वी उवा मारायला ती वाटून लावत. फणसाचे गरे आणि ओलं खोबरंही टाळावं. एकात साखर फार, दुसऱ्यात स्निग्धांश. हल्ली परसात ॲव्होकाडो लावतात. त्याचं फळ, पान, बी, साल, सगळंच सशाला विषारी आहे. या झाडाखाली ससा मोकळा सोडू नये.

फळ झाडावरून तोडलेलं घ्यावं. इथे फार चुका होतात. खाली पडलेलं, पक्ष्यांनी किंवा वटवाघळांनी उष्टावलेलं फळ 'फुकट जाऊ नये' म्हणून सशापुढे टाकलं जातं. पावसाळ्यात असं फळ आतून आंबलेलं किंवा बुरशी धरलेलं असतं. झाडावर औषध फवारलं असेल तर त्या हंगामातलं फळ नकोच. चांगलं फळ वाहत्या पाण्याखाली चोळून धुवावं आणि पुसून कापावं.

माप सोपं आहे. सशाच्या दर किलो वजनामागे दिवसाला फार तर एक लहान चमचा, सगळी फळं मिळून. दोन किलोच्या सशाला दोन चमचे झाले. केळ्याची अर्ध्या सेंटिमीटरची एखादी चकती पुरे. माझ्या मते हेही रोज नको. आठवड्यातून दोन-तीनदा बरं. चूक होते ती हिशेबात: आजी सकाळी फोड देते, नातू शाळेतून आल्यावर देतो, आणि संध्याकाळी पुन्हा कुणीतरी. फळ देणारा माणूस घरात एकच ठरवावा.

फळ पहिल्यांदा देताना नखाएवढा तुकडा द्यावा आणि दोन दिवस दुसरं काही नवं देऊ नये. म्हणजे त्रास झाला तर कशाने झाला हे कळतं. उरलेला तुकडा तासाभरात पिंजऱ्यातून काढावा, नाहीतर मुंग्या आणि माश्या येतात.

रोज सकाळी लेंड्या पाहाव्यात. गोल, कोरड्या, साधारण एकसारख्या असतील तर सगळं ठीक. लहान, वेड्यावाकड्या दिसल्या किंवा मऊ घोस न खाता पडून राहिले, तर फळ बंद करून फक्त गवत आणि पाणी ठेवावं. मागचा भाग चिकट, घाण झाला तर लगेच स्वच्छ करावा. पावसाळ्यात तिथे माश्या अंडी घालतात आणि एका दिवसात अळ्या होऊन जिवावर बेतू शकतं.

ससा अंग आखडून बसला आहे, दात करकरा खातो आहे, किंवा दहा-बारा तास काही खाल्लं नाही आणि लेंडीही टाकली नाही, तर सकाळची वाट न पाहता त्याला पशुवैद्याकडे न्यावं. आतड्याची हालचाल थांबल्याची ही खूण आहे. अशा वेळी भूक लागावी म्हणून आणखी गोड फळ पुढे करू नये. घरात उरलेली माणसांची औषधंही देऊ नयेत. ॲमॉक्सिसिलिनसारखं प्रतिजैविक तोंडावाटे दिलं तर पोटातले उपयोगी जिवाणू मरून ससा दगावू शकतो. गावातले सगळेच पशुवैद्य ससे तपासत नाहीत. जे तपासतात त्यांचा शोध ससा धडधाकट असतानाच घ्यावा आणि त्यांचा नंबर पिंजऱ्याजवळ लिहून ठेवावा.