न्हाणीघरातला लाल दिवा

दिवाळीच्या साफसफाईत घरोघरचे जुने अल्बम माळ्यावरून खाली येतात आणि मग साफसफाई तिथेच थांबते. काळी जाड पाने, कोपऱ्यांत अडकवलेले फोटो, मध्ये सळसळणारा पातळ कागद. मुंज, बारसे, लग्नाची पंगत, सिंहगडची सहल, पदवीदानाचा झगा. सगळी मंडळी ताठ उभी आहेत आणि श्वास रोखून कॅमेऱ्याकडे पाहत आहेत. आता मला सांगा, यात तुमची आजी भाजी चिरताना कुठे आहे? आजोबा ओसरीवर आरसा टेकवून दाढी करताना? शेगडी, पाटा-वरवंटा, दोरीवरचे धुणे? बहुतेक घरांत यातले काहीही सापडायचे नाही.

यात दोष कोणाचा नाही. आमच्याकडे अगफा क्लिक थ्री होता. त्यात १२० ची फिल्म बसे आणि तिच्यावर फोटो निघत बारा. रीळ विकत घ्यायचे, धुवायला टाकायचे, प्रतींचे पैसे वेगळे मोजायचे. बाराांतला एक फोटो तांदूळ निवडणाऱ्या बाईवर कोण खर्च करील?

तो खर्च आमच्या मामंजींनी केला, आणि एकदा नव्हे, शेकडो वेळा केला. त्याचे कारण मला लग्न होऊन नारायण पेठेत आल्यावर, म्हणजे १९७४ साली कळले. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि नदीकाठच्या पेठांत पाणी शिरले, तेव्हा आमच्या वाड्याचा खालचा मजला बुडाला. पाणी ओसरल्यावर अल्बम सापडला तो चिखलाची वडी होऊन. फोटोच्या कागदावर जिलेटिनचा थर असतो. तो भिजून फुगतो आणि पाने एकमेकांना अशी चिकटतात की सोडवू जावे तर चेहराच सोलून निघतो. लग्नामुंजींच्या प्रती पुढे सांगलीच्या आणि मुंबईच्या नातेवाइकांकडून जमल्या. पण मामंजींच्या आई पूर्वीच गेलेल्या. त्यांचा एकच फोटो मिळाला, कोणाच्याशा लग्नातला, तोही रांगेच्या टोकाला अर्धवट. “आईचे हात कसे होते, ते आता मला आठवून पाहावे लागते,” असे मामंजी एकदा म्हणाले होते. एवढेच म्हणाले. बोलका माणूस नव्हता.

त्यानंतर त्यांनी एक जुना एनलार्जर घेतला आणि रात्री जेवणे आटोपली की न्हाणीघर ताब्यात घ्यायला सुरुवात केली. बंबावर फळी टाकून त्यावर एनलार्जर. खाली पाटावर तीन एनॅमलची तसराळी: पहिल्यात डेव्हलपर, दुसऱ्यात व्हिनेगर घातलेले पाणी, तिसऱ्यात हायपो. खिडकीला काळे कांबळे, दाराच्या फटीत जुनी धोतरे आणि वर पंधरा वॉटचा लाल दिवा. समोरच्या बिऱ्हाडातल्या काकूंनी या लाल उजेडाबद्दल जे काही तर्क केले, ते दिवाळी अंकात छापण्याजोगे नाहीत.

मला त्या खोलीत प्रवेश मिळाला तो घड्याळ धरायला. “सूनबाई, सेकंद मोज,” म्हणून मामंजींनी हाक मारली आणि नव्या नवरीला सासरी पहिली हक्काची जागा मिळाली ती अशी चार फूट बाय सहा फुटांची. पांढराफटक कागद तसराळ्यात सोडायचा, कडेने हलकेच हेलकावत राहायचे. दहा-पंधरा सेकंद काहीच होत नाही. मग आधी केसांचा काळेपणा उमटतो, मग डोळे, मग साडीचा काठ. आजवर हजारो प्रिंट काढले असतील, पण त्या घटकेला अजूनही माझे बोलणे थांबते.

औषधे घरीच बनत. मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि आपला धोब्याचा बोरॅक्स २ ग्रॅम, एक लिटर पाण्याला. डी-७६ या नावाने जगभर चालणारा हा फिल्मचा डेव्हलपर आमच्याकडे सोनाराच्या काट्यावर तोलला जाई. मेटॉल आधी विरघळवायचे, सल्फाइट नंतर. उलट केले तर मेटॉल विरघळायलाच तयार नसते. फिल्म धुवायला पाणी २० अंशांचे हवे. मे महिन्यात पुण्यात ते कुठून आणायचे? मग रसवंतीवाल्याकडून बर्फ येई, आणि घरातली मुले त्यातला अर्धा वाटेतच चोखून संपवीत.

हे सगळे सांगण्याचे कारण पैशाचे आहे. शंभर फुटी फिल्म घ्यायची, कधी पूर्व जर्मनीची ऑर्वो, कधी उटीच्या कारखान्यातली ‘इंदू’. अंधारात कापून रिकाम्या डब्यांत भरली की छत्तीस-छत्तीस फोटोंची सतरा-अठरा रिळे होत. एव्हाना मामंजींनी ३५ मिलिमीटरचा एक जुना कॅमेरा मिळवला होता. फिल्म घरी भरलेली, घरी धुतलेली, प्रिंटही घरचे. फोटो स्वस्त झाला आणि मगच आमच्या अल्बममध्ये स्वयंपाकघर आले. लोक याला कलादृष्टी म्हणतात. मी हिशेब म्हणते.

अशाच एका दुपारी, १९७६ साली, मामंजींनी सासूबाईंचा फोटो काढला. खिडकीपाशी बसून सूप मांडीवर घेऊन त्या तांदूळ निवडत आहेत. पदर खोचलेला, चष्मा नाकावर घसरलेला, आणि ते हात! प्रिंट वाळल्यावर मी कौतुकाने नेऊन दाखवला. सासूबाईंनी तो उजेडाला धरला आणि त्यांचा चेहरा पडला.

“माझे कुंकू कुठे गेले?”

खरेच, कपाळावर जेमतेम एक राखी डाग होता. मामंजींनी समजावून सांगितले. जुन्या काळच्या फिल्मला लाल रंग दिसत नसे, म्हणून लाल वस्तू फोटोत काळीभोर येई. (घरी पणजीचा फोटो असेल तर पाहा, कुंकू काजळासारखे दिसेल.) पुढे आलेल्या फिल्मला सगळे रंग दिसतात, तिच्यावर लाल कुंकू फिकट उतरते आणि कातडीच्या रंगात मिसळून जाते. ब्रोमाइडच्या कागदाला मात्र अजूनही लाल दिसत नाही, म्हणून तर न्हाणीघरात आपण लाल दिवा लावू शकतो.

“तुमच्या कागदाला काय दिसते ते मला नका सांगू,” सासूबाई म्हणाल्या. “तुम्ही धडधाकट समोर बसलेले, आणि माझे कपाळ पांढरे?”

मामंजी म्हणाले, हिरवा फिल्टर लावून पुन्हा काढतो, लाल रंग गडद येईल. पण चेहराही सावळा होईल. त्यावर उत्तर आले, “काळी दिसले तरी चालेल.” पण पुन्हा तसा फोटो येतो कुठला! आता कॅमेरा समोर आहे हे ठाऊक झालेले. पदर नीट, चष्मा काढलेला, हात सुपावर नुसते ठेवलेले. शेवटी पहिल्याच प्रिंटवर मी अगदी बारीक ब्रशने पातळ काळा रंग थेंबाथेंबाने चढवला. फोटोवरचे धुळीचे पांढरे ठिपके बुजवायला हीच युक्ती वापरतात. कुंकू आले. सासूबाईंनी तो प्रिंट आपल्या ट्रंकेत ठेवून दिला.

मामंजी १९९१ साली गेले. दोनेक वर्षांनी ट्रंक उघडली तर झुरळांनी त्या प्रिंटची कड कुरतडलेली. सासूबाई न्हाणीघराच्या दाराशी आल्या. आयुष्यात पहिल्यांदाच त्या आत येऊन पाटावर बसल्या आणि “तो पुन्हा काढ,” म्हणाल्या. कागद तसराळ्यात पडला, हात उमटले, सूप उमटले, कपाळावरचा तो राखी डाग उमटला. दुसऱ्या दिवशी वाळलेला प्रिंट समोर ठेवून मी ब्रश हातात घेतला आणि थबकले. वन्संही तेव्हा माहेरी आल्या होत्या, त्या हळूच म्हणाल्या, “आता राहू दे ना वहिनी, आहे तसेच.” काय बोलावे मला सुचेना. त्या काळी आमच्या घरात ही गोष्ट साधी नव्हती.

सासूबाईंनीच सोडवणूक केली. “ठिपका दे,” त्या म्हणाल्या. “त्या दिवशी ते होते ना? समोरच तर उभे होते, कॅमेरा घेऊन.”

मी ठिपका दिला. भिंतीवर आज तोच फोटो आहे.

वाडा पाडून इमारत झाली. न्हाणीघराचे बाथरूम झाले, त्यात फरशा आल्या, पण लाल दिवा मी सोडला नाही. उटीचा कारखाना बंद पडला. कागद आता परदेशी येतो आणि त्याची किंमत मी घरात खरी सांगत नाही. नातवंडे म्हणतात, आजी, फोनवर काढ की. काढते. फोनवर स्वयंपाकघराचेही फोटो निघतात, डब्यांचे, ताटांचे, हजारांनी निघतात. हिशेब पुन्हा बदलला, एवढेच. मामंजींना हे फार आवडले असते.

तुमच्याकडे जुन्या निगेटिव्ह असतील तर त्यांना एकदा हवा दाखवा. प्लास्टिकच्या पिशवीत कोंडू नका. आंबूस, व्हिनेगरसारखा वास येऊ लागला असेल तर फिल्मचा पाया सडू लागला आहे असे समजा. त्या पट्ट्या बाकीच्यांपासून वेगळ्या करा आणि लवकरात लवकर त्यांच्या प्रती काढून घ्या. प्रिंटच्या पाठीवर नावे लिहायची ती मऊ पेन्सिलीने, बॉलपेनने नव्हे. आणि नुसते ‘काकू’ लिहू नका, कोणाच्या काकू ते लिहा.

मी सध्या १९७९ सालच्या पट्ट्या काढते आहे. परवा एका प्रिंटमध्ये आमच्या वाड्याच्या पायरीवर आठ-नऊ वर्षांचा एक मुलगा उमटला: खाकी चड्डी, गुडघ्याला पट्टी, हातात दुधाची बाटली, आणि चेहऱ्यावर बाटली अजून फुटलेली नाही याचा अभिमान. वन्संना दाखवला, दिरांना दाखवला. कोणी ओळखत नाही. पाठीवर पेन्सिलीने तूर्त ‘दूधवाला मुलगा’ एवढेच लिहून ठेवले आहे.