धुलाईयंत्राची मोटर कां तापते?

घरांत यंत्र आलें म्हणजे त्यामागोमाग त्याचीं दुखणींहि येतात. त्यांपैकीं एका दुखण्याविषयीं येथें लिहिण्याचें आम्हीं योजिलें आहे. दोन टबांचें धुलाईयंत्र दहा-बारा मिनिटें बरें चालतें, मग एकाएकीं थांबतें. किंचित् जळकट वास येतो. आणि अर्ध्या तासानें कळ फिरविली कीं जणूं कांहीं झालेंच नाहीं अशा थाटांत पुनः चालूं लागतें. अशा वेळीं ‘मोटर गेली’ असा निकाल देणारे कारागीर पुष्कळ भेटतात, आणि तो मुकाट्यानें मान्य करणारीं सुशिक्षित घरेंहि कमी नाहींत.

ताप हा रोग नव्हे, लक्षण होय, हें वैद्यकांतील तत्त्व येथेंहि लागू पडतें. मोटरीच्या वायंडिंगला लागून एक लहानशी उष्णतेची कळ बसविलेली असते. उष्णता ठराविक मर्यादेपलीकडे गेली कीं तिच्यांतील धातूची पट्टी वांकून वीजप्रवाह तोडते. मोटर निवाली कीं पुनः जोडते. म्हणजे थांबणारी मोटर बहुधा अद्याप शाबूत असते. कांहीं कारागीर मात्र ही कळच तारेनें बाद करून देतात. आमच्या माहितींतील एका घरीं असें झालें. यंत्र न थांबतां चालूं लागलें म्हणून सर्वांस समाधान वाटलें. तीन आठवड्यांत वायंडिंग जळून प्लास्टिकचा तळ वितळला. धाकटी सून जवळच होती, तिनें मेन स्विच बंद केला, म्हणून निभावलें.

तेव्हां प्रथम भार पाहावा. यंत्रावर लिहिलेलें सहा किंवा सात किलो हें कोरड्या कपड्यांचें वजन असतें. भिजलेली गोधडी त्या हिशेबांत बसत नाहीं. शिवाय एकत्र कुटुंबांत सणाच्या आदल्या दिवशीं पांच-सहा घाणे लागोपाठ निघतात. घरगुती यंत्राची मोटर थोडा वेळ चालून विसांवा घेण्याच्या हिशेबानेंच केलेली असते. विजेचा दाबहि पाहावा. एरव्हीं २३० व्होल्ट असावयाचा दाब १८० वर उतरला, तर मोटरीचा जोर दाबाच्या वर्गाच्या प्रमाणांत घटून सुमारें ६१ टक्केच उरतो. काम तेंच राहिल्यानें ती अधिक प्रवाह ओढते आणि तापते. जेथें संध्याकाळीं दिवे मंदावतात, तेथें धुणें पहांटे काढावें, हा साधा उपाय आहे.

एवढ्यानें भागलें नाहीं, तर प्लग भिंतींतून काढून, पाणी सोडून देऊन, मागील झांकण उघडावें व पट्टा उतरवावा. आतां टबाकडील चाक हातानें फिरवून पाहावें. तें जड फिरत असेल, तर तळाच्या फिरत्या चकतीखालीं नाणें, सेफ्टीपिन किंवा गुंतलेला दोरा सांपडण्याचा संभव असतो. तसें कांहीं नसून खालीं तांबूस पाण्याचे ओघळ दिसले, तर सील झिजून पाणी बेअरिंगपर्यंत पोंचलें आहे असें समजावें. मोटरीचें चाक मात्र हलकें फिरलें पाहिजे.

पट्टा नसतांहि मोटर चटका बसण्याइतकी तापत असेल, तरच दोष तिच्याकडे. त्यांतहि पहिला संशय कपॅसिटरवर घ्यावा. घरांतील एकेरी फेजचा प्रवाह आपल्या बळावर मोटर फिरवूं लागत नाहीं; दुसऱ्या वायंडिंगमधील प्रवाह कपॅसिटर पुढें-मागें करतो, तेव्हां तिला गति मिळते. तो दुबळा झाला म्हणजे मोटर नुसती घुमते आणि तापते. त्याची क्षमता त्याच्या अंगावरच छापलेली असते, ती मीटरनें ताडून पाहतां येते. नवा कपॅसिटर मोटरीच्या किंमतीच्या मानानें अगदीं स्वस्त. परंतु प्लग काढल्यावरहि त्यांत वीज सांठून राहूं शकते. तो जाणत्या माणसानें रिकामा केल्यावांचून हात लावूं नये, आणि मुलांस तर त्या बाजूस फिरकूंहि देऊं नये.

धुण्याची मोटर उलटसुलट फिरते, म्हणून तिचीं दोन वायंडिंगें एकसारखीं असतात. कारागिरास दोहोंचा विरोध मोजून दाखविण्यास सांगावें. एकाचा आंकडा दुसऱ्याहून बराच कमी आला, तर आंतील वेढे एकमेकांस चिकटले. तेव्हां मात्र मोटर गेली हें खरें.

वाळविण्याच्या टबाची गोष्ट निराळी, त्याची मोटरहि निराळी. तेथें झांकण बंद असतां एक तार ब्रेकचा गुटका चाकापासून दूर ओढून धरते. तार सैल पडली कीं गुटका सारखा घासतो, आणि गुन्हा ब्रेकचा असून शिक्षा मोटरीस होते. तसेंच टबाच्या कडेवरून निसटलेला हातरुमाल किंवा मोजा खालीं दांड्यास गुंडाळला जातो. घरांत एकाच पायाचे मोजे उरूं लागले, तर तेथें अवश्य शोध घ्यावा.

यंत्राखालून वारा खेळता असावा लागतो, हें स्थळ निवडतांना कोणाच्या ध्यानांत येत नाहीं. मोरीलगतच्या कोपऱ्यांत, भिंतीस चिकटवून, खालीं गोणपाट घालून ठेवलेल्या यंत्राची मोटर निवणार कशी? उंदरांसाठीं तळास बसविलेली जाळी काढूं नये. पण तिच्यावर सांचलेली कपड्यांची लव महिन्यांतून एकदां, प्लग काढून, कुंच्यानें झाडून घ्यावी.